जास्त चाललेल्या जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल घालावं का, आणि घालायचं तर कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, टर्बो नाही, १,८०,००० किलोमीटर झालेले. आजवर मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक ऑइल पडत आलंय. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ही ऑइलच्या जाडीची ग्रेड लिहिलीय. हजार किलोमीटरमागे दोनशे-तीनशे मिली ऑइल कमी होतं आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेला ओल दिसते. एक मेकॅनिक म्हणतो, जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की ते गळायला लागतं. दुसरा म्हणतो, सरळ २०डब्ल्यू-५० टाका, आवाजही बसेल आणि ऑइल खाणंही थांबेल. ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, म्हणजे ५डब्ल्यू-३०, फुल सिंथेटिक ऑइल घाला. दर्जा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी असावा आणि मिळालं तर ‘हाय मायलेज’, म्हणजे जास्त चाललेल्या इंजिनांसाठीच्या, प्रकारातलं घ्या. त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू ओढून घेणारा) तपासून लागल्यास बदला आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन टाका. हे पहिलं ऑइल फिल्टरसकट ३,००० किलोमीटरला काढून टाका. त्यानंतर दोन वेळा ऑइल बदलूनही खप तेवढाच राहिला, तर ५डब्ल्यू-४० वर जा. २०डब्ल्यू-५० या इंजिनात नको.

आता गळतीची भीती. ती निराधार नाही, पण जुनी आहे. सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक ऑइलमध्ये पीएओ हे कृत्रिमरीत्या बनवलेलं बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, मुख्य असायचं. पीएओचा स्वभाव रबर किंचित आकसवण्याचा, तर मिनरल ऑइलमधले काही घटक रबर किंचित फुगवतात. वर्षानुवर्षं मिनरलमध्ये भिजून फुगलेलं सील एकदम पीएओत आलं की जरा आकसायचं आणि तिथून ऑइल पाझरायचं. हे लक्षात आल्यावर उत्पादकांनी पीएओच्या जोडीला एस्टर हे दुसऱ्या प्रकारचं कृत्रिम तेल घालायला सुरुवात केली. एस्टर रबर फुगवतं, त्यामुळे तोल साधला. आज एपीआय किंवा एसीईएचा (युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा) दर्जा मिळवणाऱ्या ऑइलला सीलच्या रबरावर काय परिणाम होतो याचीही चाचणी द्यावी लागते. म्हणजे धडधाकट सील नुसत्या सिंथेटिकमुळे खराब होत नाही.

मग ऑइल बदलल्यावर काही गाड्या खरंच का गळायला लागतात? कारण ते सील आधीच गेलेलं असतं. उष्णतेने रबर कडक झालेलं असतं, त्याची कड शाफ्टवर नीट बसत नसते आणि मधल्या फटीत ऑइल जळून झालेला चिकट थर साचलेला असतो. तो थरच गळती अडवून धरत असतो. सिंथेटिकमधले डिटर्जंट आणि एस्टर हा थर हळूहळू सोडवतात आणि गळती उघडी पडते. अशा सीलचे दिवस तसेही भरत आलेले असतात. पण आतल्या मळाच्या भरवशावर सील टिकवणं हा काही देखभालीचा मार्ग नव्हे, कारण तोच मळ पिस्टनच्या रिंगांतही बसलेला असतो आणि तिथे तो नुकसान करतो.

म्हणून ऑइल बदलण्याआधी गळती कुठून आहे ते नक्की करा. इंजिन बाहेरून डिग्रीझरने धुवा, पुसून कोरडं करा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. ऑइल नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे ओघळतं, त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय तिथे दोष असेलच असं नाही. ओल जिथून सुरू होते ती सर्वांत वरची जागा शोधायची. बहुतेक वेळा ती टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमशाफ्टचं सील, ऑइल प्रेशर स्विच किंवा फिल्टर बसतो ती जागा निघते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय येतो. पण गिअरबॉक्स उतरवायला सांगण्याआधी वरची ओल मागून ओघळून तिथे येत नाही ना, याची खात्री करा. ही चूक फार होते आणि महागात पडते.

आणि कोणतंही सील बदलण्याआधी पीसीव्ही बघा. हा छोटा व्हॉल्व्ह क्रँककेसमधला वायू इनटेककडे ओढून घेतो. तो चोंदला की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब ऑइलला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. नवीन सील घालूनही महिन्याभरात पुन्हा ओल आली तर नव्वद टक्के लक्ष इथेच द्यायला हवं. घरच्या घरी तपासायचं तर इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर एक पातळ कागद ठेवा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. तो वर उडत असेल, झाकणातून फुसफुस धूर येत असेल, तर एकतर पीसीव्हीची वाट बंद आहे, नाहीतर रिंगांमधून दाब खाली उतरतोय. व्हॉल्व्ह काढून हलवला की खडखडला पाहिजे. न खडखडणारा बदलायचाच. त्याची रबरी नळीही पिळून बघा, आतून मऊ पडून चपटी होत असेल तर व्हॉल्व्ह नवा घालूनही उपयोग नाही. काही इंजिनांत वेगळा व्हॉल्व्ह नसतो, टॅपेट कव्हरमध्येच पडदा असतो. तो फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो आणि आयडल बिघडतं.

आता ऑइल खाण्याकडे येऊ. ‘ऑइल कमी होतं’ एवढं पुरत नाही, किती ते मोजायला हवं. सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल करा, किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर तशाच जागी, तेवढंच थांबून, पुन्हा वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाने मोजा. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, पण आपल्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त खपही काही उत्पादक चालण्याजोगा मानतात. त्या हिशेबाने दोनशे-तीनशे मिली म्हणजे इंजिन उघडायची वेळ आलेली नाही. वेळोवेळी वरून ऑइल घालत राहणं आणि कारण शोधणं, एवढंच.

धूर कधी निघतो त्यावरून बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट येऊन थांबला, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. जोर देताना, चढावर, धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. धूर अजिबात दिसत नाही तरी ऑइल कमी होतं, असंही होतं, कारण थोडं थोडं जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन संपतं आणि डोळ्यांना दिसत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणं चांगलं. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचं. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: कॉम्प्रेशन उत्तम असूनही इंजिन ऑइल खाऊ शकतं. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगचं. तिच्यामागे पिस्टनच्या खाचेत ऑइल परत जायला बारीक भोकं किंवा चिरा असतात. जळालेल्या ऑइलच्या कार्बनने त्या बुजल्या आणि रिंग खाचेत चिकटून बसली की ऑइल वरच राहतं आणि जळतं. बऱ्याच जुन्या इंजिनांचा खप याच कारणाने असतो आणि चांगल्या सिंथेटिकचा खरा उपयोग होतो तो याच ठिकाणी. डिटर्जंट हा कार्बन सोडवतात, पण सावकाश. एका ऑइलमध्ये चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन वेळा, तेही लवकर लवकर बदलल्यावर फरक दिसू शकतो. रिंगच झिजली असेल किंवा बोअर खराब असेल तर मात्र कोणतंही ऑइल तिला नवीन करत नाही.

ऑइलच्या खपात बाष्पीभवनाचाही वाटा असतो. गरम पिस्टनवर पातळ थरात पसरलेल्या ऑइलमधला हलका भाग उडून जातो. हे मोजायला नोआक नावाची चाचणी आहे. ऑइल २५० अंश सेल्सिअसवर एक तास ठेवतात आणि वजन किती टक्के घटलं ते बघतात. एपीआय एसपीच्या ५डब्ल्यू-३० ला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, एसीईएची मर्यादा बहुतेक वर्गांत १३ टक्के. चांगलं सिंथेटिक १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतं. जुन्या, गरम चालणाऱ्या इंजिनासाठी ऑइल निवडताना डब्यावरच्या चित्रापेक्षा त्याच्या माहितीपत्रकातला हा एक आकडा जास्त बोलतो.

आता २०डब्ल्यू-५० का नको ते सविस्तर सांगायला हवं, कारण ‘जुनं इंजिन, म्हणून जाड ऑइल’ हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना क्रँकिंगच्या चाचणीत पास व्हावं लागतं, २०डब्ल्यू फक्त उणे १५ ला. ‘आमच्याकडे एवढी थंडी कुठे असते’ असं म्हणून हा आकडा सोडून देऊ नका. ४० अंशांना साधारण ५डब्ल्यू-३० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साठ-सत्तर सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक) असते, २०डब्ल्यू-५० ची त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे उबदार हवेतल्या सकाळीसुद्धा पहिल्या काही सेकंदांत जाड ऑइल टॅपेट आणि कॅमपर्यंत उशिरा पोचतं. त्यातून ते इतकं जड जातं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेल्या ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता परत फिरतो. गेजवर प्रेशर भरपूर दिसतं, पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. झीज सुरुवातीच्या त्या मिनिटांतच जास्त होते.

दुसरं, गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत कॅमचं टायमिंग बदलणारी व्यवस्था ऑइलच्या दाबावर चालते. सोलेनॉइडच्या बारीक जाळ्या आणि वाटा ठरावीक व्हिस्कॉसिटी धरून आखलेल्या असतात. ऑइल फार जाड झालं की कॅम वेळेवर फिरत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप मंदावतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्येही जाड ऑइल भरायला वेळ लागतो, म्हणून सकाळची टकटक उलट वाढू शकते. त्यातून खपाचं कारण चोंदलेली ऑइल रिंग असेल, तर जाड ऑइल त्या बारीक भोकांतून परत जायला आणखी रेंगाळतं.

मग जाडी वाढवावीच लागली तर? दुसरा आकडा वाढवा, तोही एकच पायरी, आणि पहिला शक्यतो तोच ठेवा. दुसरा आकडा १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी सांगतो: ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. हे पट्टे रुंद आहेत. ९.६ चं आणि १२.२ चं, दोन्ही डब्यांवर ३० च लिहिलेलं असतं. हाय मायलेज ऑइल बहुधा आपल्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला असतात, म्हणून ग्रेड न बदलताही थोडी जाडी मिळते. माझा आग्रह आधी ती पायरी वापरून बघण्याचा असतो.

त्याहून महत्त्वाचा आकडा एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये ऑइल जोरात घासलं जात असताना त्याचा थर किती टिकतो ते. ३० ग्रेडला किमान २.९ लागतं, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५. बेअरिंगची फट वाढलेल्या इंजिनाला संरक्षण मिळतं ते इथे. एसीईए ए३/बी४ आणि सी३ या दोन्ही वर्गांत हा आकडा किमान ३.५ असतो. म्हणून ५डब्ल्यू-४० वर जायचं ठरलं तर डब्याच्या मागे यांपैकी एक वर्ग शोधा. मात्र ज्या इंजिनासाठी उत्पादकाने ०डब्ल्यू-२० सांगितलंय, त्याला थेट ४० वर नेऊ नका, आधी ३० ग्रेडवर थांबा, तेही मॅन्युअलमधल्या तक्त्यात गरम हवामानासाठी तशी मुभा आहे का ते पाहून.

जाडी वाढवायची खरी गरज आहे का, हे प्रेशर मोजून ठरवा. स्विच काढून त्याजागी साधं मेकॅनिकल गेज लावा, गाडी चांगली अर्धा तास चालवून गरम करा, मग आयडलला आणि २,००० आरपीएमला किती येतं ते बघा. आपल्या इंजिनाचा अधिकृत आकडा मिळाला तर तोच धरा. नसेल तर दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा अंदाजापुरता चालतो. प्रेशर व्यवस्थित असेल तर केवळ किलोमीटर जास्त झाले म्हणून ग्रेड चढवण्यात अर्थ नाही. गरम आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणत असेल तर जाड ऑइल घालून दिवा विझवू नका. आधी पातळी, मग स्विच, मग चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून पंपाची जाळी आणि बेअरिंग, या क्रमाने बघा. दिवा ही शेवटची सूचना असते, कारण साधारण अर्ध्या बारखाली दाब गेल्याशिवाय तो लागतच नाही.

‘फुल सिंथेटिक’ या शब्दाबद्दल. बेस ऑइलचे पाच गट आहेत. पहिले तीन कच्च्या तेलातून येतात, चौथा म्हणजे पीएओ आणि उरलेलं सगळं, एस्टर धरून, पाचव्यात. तिसऱ्या गटाचं तेल हायड्रोजनच्या साहाय्याने इतकं शुद्ध करतात आणि त्याची रचना इतकी बदलते की १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने त्यालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा निर्णय दिला. आज बाजारातलं बरंचसं फुल सिंथेटिक तिसऱ्या गटाचंच असतं. त्यात वाईट काही नाही. जुन्या घरगुती वापराच्या गाडीला शुद्ध पीएओच हवं असा हट्ट धरण्याची गरज नाही. ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’, ‘सिंथेटिक ब्लेंड’ अशा शब्दांत मात्र सिंथेटिकचं प्रमाण किती ते कळत नाही, म्हणून अशा डब्याचं माहितीपत्रक पाहिल्याशिवाय घेऊ नका.

डब्यावर वाचायचं ते वेगळंच. एक, ग्रेड. दोन, एपीआयचा दर्जा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, एसक्यू त्यानंतरचा. पेट्रोलच्या दर्जांत नवं अक्षर जुन्याची जागा घेतं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये एसएल किंवा एसएम लिहिलं असेल तरी एसपी चालतं. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आली, त्यामुळे चेनवाल्या जुन्या इंजिनाला त्याचा थेट फायदा आहे. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर एसपी हवंच, कारण कमी आरपीएमवर अकाली पेट घेण्याच्या दोषाविरुद्धची चाचणी त्यात आहे. तीन, गाडीच्या उत्पादकाचा मंजुरी क्रमांक. इथे शब्द नीट वाचा. ‘अप्रूव्हल’ म्हणजे उत्पादकाने ते ऑइल खरंच तपासून मंजूर केलंय. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘मीट्स रिक्वायरमेंट्स’ हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो.

डिझेल गाडी असेल आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असेल, तर कमी राखेचं ऑइल सोडून दुसरं घालू नका. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, ए३/बी४ मध्ये ती दुपटीपर्यंत जाते. इंजिन ऑइल खात असेल तर ही राख थेट फिल्टरमध्ये जाऊन बसते. काजळी जळते, राख जळत नाही. डीपीएफ नसलेल्या जुन्या डिझेलला मात्र ए३/बी४ चांगलं मानवतं.

खरोखर जुन्या, म्हणजे रोलर नसलेल्या सपाट टॅपेटच्या आणि कडक स्प्रिंगच्या इंजिनांची गोष्ट निराळी. तिथे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात आणि झिंक-फॉस्फरसचा झेडडीडीपी हा घटक त्यांना वाचवतो. हलक्या ग्रेडच्या आधुनिक ऑइलमध्ये कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून फॉस्फरस ८०० पीपीएमवर रोखलेला असतो. अशा इंजिनाला १,००० ते १,२०० पीपीएमचं ऑइल शोधावं. पण १,८०,००० किलोमीटर झालेली इंजेक्शनची गाडी म्हणजे असं इंजिन नव्हे. तिच्या ऑइलमध्ये वेगळं झिंक ओतलं तर कन्व्हर्टर मरतो, हाती दुसरं काही लागत नाही.

प्रत्यक्ष बदलताना पहिलं काम, ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. त्याच्या आत तपकिरी, चकचकीत, पातळ पटल असेल तर ते वार्निश, काळजी नाही. बोटाने निघेल असा काळा, लोण्यासारखा गाळ असेल तर टॅपेट कव्हर उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेडवर गाळाचे ढीग असतील तर फ्लश टाकून इंजिन चालवणं धोक्याचं आहे. तो गाळ सुटून एकदम चेंबरमध्ये उतरतो, पंपाच्या जाळीवर बसतो आणि बेअरिंगला ऑइल मिळत नाही. अशा वेळी चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करायची, हेडवरचा गाळ काढायचा, मग नवीन ऑइल भरायचं आणि ते हजार-दीड हजार किलोमीटरलाच बदलायचं. चेंबर परत बसवताना सिलिकॉनची रेषा बारीक ठेवा. आत दबून निघालेली जास्तीची वात तुटली की तीही त्याच जाळीवर जाते. झाकणाखाली पिवळट पांढरा फेस दिसला आणि गाडी कायम जवळच्याच अंतरावर चालत असेल, तर ती बहुधा साठलेली वाफ असते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय नवं ऑइल वाया घालवू नका.

गाळ नसेल तर मिनरलवरून सिंथेटिकवर जायला फ्लश लागत नाही. एपीआय दर्जाची ऑइल एकमेकांत मिसळतात, गोठत नाहीत. इंजिन गरम करा, सपाट जागी ड्रेन बोल्ट उघडा आणि धार संपून थेंब थेंब व्हायला लागल्यावरही पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टचं वॉशर दर वेळी नवीन टाका, आणि चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर मॅन्युअलमधल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका, आटे जातात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाब येताच ऑइल धो-धो बाहेर येतं आणि इंजिन मिनिटभरात बसू शकतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा द्या. फिल्टर घेताना आतला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह सिलिकॉनचा आहे का विचारा. साधं रबर उष्णतेने कडक होतं, रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी दोन सेकंद टॅपेट वाजतात. अनेकदा ज्या आवाजासाठी लोक जाड ऑइल घालतात, त्याचं मूळ हा फिल्टरच असतो.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, दोन मिनिटं इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर नको. ‘खातंच आहे, तर जास्त भरून ठेवू’ असं केलं की क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि पीसीव्हीतून ते इनटेकमध्ये जाऊन जळतं. म्हणजे खप आणखी वाढतो.

नवं ऑइल पाचशे किलोमीटरला काळं झालं तर घाबरू नका, ते मळ उचलतंय. पहिले हजार किलोमीटर पातळी दर दोनशे-तीनशे किलोमीटरला बघा. पुढे डब्यावर पंधरा-वीस हजार किलोमीटर टिकेल असं लिहिलेलं असलं, तरी ऑइल खाणाऱ्या इंजिनाला ५,००० ते ७,५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. वरून घातलेलं ऑइल म्हणजे बदललेलं ऑइल नव्हे, कारण गाळ, काजळी आणि पेट्रोलचा अंश आतच राहतो.

गळती थांबवणारी आणि ऑइल घट्ट करणारी बाटलीबंद द्रव्यं मी सुचवत नाही. पहिल्या प्रकारातली सील फुगवतात, आणि फार काळ राहिली तर मऊ पाडतात. दुसऱ्या प्रकारातली ऑइलला २०डब्ल्यू-५० सारखंच जाड करून टाकतात. हाय मायलेज ऑइलमध्ये सीलसाठी लागतं तेवढं एस्टर मोजून आधीच घातलेलं असतं. त्यावर आणखी नको.

दुचाकीचाही प्रश्न यातच येतो, म्हणून एवढं सांगतो: क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर गाडीचं ऑइल बाइकमध्ये घालू नका. घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरतो. डब्यावर जेएएसओ (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. एमबी हे बहुतेक गिअरलेस स्कूटरसाठी असतं.

तुमच्या गाडीपुरता क्रम असा लावा. या आठवड्यात कागदाची चाचणी, पीसीव्ही आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग. त्यानंतर हजार किलोमीटर जुन्याच ऑइलवर खप मोजा, म्हणजे गळतीचा वाटा किती होता ते वेगळं कळेल. मग ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, आणि पुन्हा तीच मोजणी, तीच डिपस्टिक, तीच सपाट जागा. दोनशे-तीनशेवरून शंभर-दीडशेवर आलं तर तिथेच राहा. ५डब्ल्यू-४० वर जाऊनही पाचशेच्या पुढे गेलं, किंवा गरम इंजिनात खालून खोल ठोक ऐकू यायला लागली, तर ऑइलवर आणखी खर्च न करता व्हॉल्व्ह सील, रिंगा आणि बेअरिंग यांचं काम काढा.